गिऱ्हाईक कमी झालं म्हणजे मी कमी पडलो का?

रंग, ब्रश, कॅनव्हास, लोकर, विणकामाच्या सुया, जहाजांची नि विमानांची छोटी मॉडेलं बनवायचं सामान विकणारे एक दुकानदार पत्नीच्या आग्रहावरून माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, मोजकं बोलणारे. (त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) खुर्चीत बसल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, माझ्यात काय कमी आहे ते यात लिहिलंय. सुधारता येण्यासारखं आहे का, तेवढं सांगा.”

वहीत रोजची पानं होती. दुकानात येऊन काही न घेता, किंवा अगदी थोडं घेऊन गेलेल्या प्रत्येकाची नोंद आणि पुढे त्यांनी स्वतः शोधून काढलेलं कारण. ‘लोकर हातात घेतली, ठेवून दिली. मी फोनवर बोलत होतो.’ ‘ब्रशची किंमत विचारून गेल्या. मी नीट समजावलं नाही.’ ‘फक्त पांढरा ॲक्रिलिक घेतला. बाकीचे रंग दाखवायला हवे होते.’ ‘मुलाला घेऊन आले, मॉडेलचा खोका उचलला, परत ठेवला. दुकान जुनाट दिसतं.’ मी बरीच पानं चाळली. एकाही ओळीत गिऱ्हाइकाच्या खिशाचा उल्लेख नव्हता.

त्यांच्या भागातला मोठा कारखाना आधी एका पाळीवर आला होता, मग त्याचा एक विभाग बंद झाला होता. हे त्यांनी मला बोलण्याच्या ओघात, अगदी जाता जाता सांगितलं. मी विचारलं, हे वहीत कसं नाही? तर म्हणाले, “कारखान्यातली माणसं माझं गिऱ्हाईक कधी नव्हतीच. माझ्याकडे येतात ते शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले, निवृत्त लोक. त्यांचा पगार, पेन्शन सगळं चालू आहे. मग ती का येईनात? कारखान्यावर ढकलून स्वतःची समजूत कशाला काढू?”

हा प्रश्न मी फार जणांकडून ऐकला आहे. फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवणारे, संगीताचे वर्ग घेणारे, सायकल दुरुस्त करणारे, जुनी पुस्तकं विकणारे. कामधंदा उतरणीला लागला की प्रामाणिक माणूस दोष स्वतःत शोधायला लागतो, आणि तो जितका प्रामाणिक तितका शोध लांबत जातो. “तुमची काही चूक नाही, धीर धरा” एवढ्यानं त्याचं भागत नाही. ते ऐकायला बरं वाटतं, पण घरी पोचेपर्यंत विरून जातं. अशा माणसाला त्याच्या शंकेशी जुळणारं कारण द्यावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या भेटींमध्ये आम्ही मनाबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त बोललो.

पण त्याआधी एक काम होतं. ते पहाटे खूप लवकर जागे होत होते आणि पुन्हा झोप लागत नव्हती. जेवण कमी झालं होतं, ओळखीचं कुणी समोरून आलं तर रस्ता बदलत होते, आणि हे दोन आठवड्यांहून बराच जास्त काळ चाललं होतं. अशा वेळी मी एक प्रश्न सरळ विचारते: जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? विचारल्यामुळे तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, तसं कधी आलं नाही, पण “सकाळ होऊच नये असं वाटतं.” मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तज्ज्ञांनी तपासलं, सध्या औषध नको पण ठरावीक दिवसांनी येत राहा, असं सांगितलं. हे मुद्दाम लिहिते आहे. आर्थिक ताणाची माणसं ‘पैसे आले की सगळं ठीक होईल’ म्हणून दुखणं अंगावर काढतात, आणि घरचेही ते मान्य करून टाकतात.

तर, पगार चालू असलेली माणसं का येईनात?

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाचे हिशेब तपासून दाखवलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. ही गोष्ट उलट दिशेनंही चालते. उत्पन्न घटलं म्हणून कुणी निम्मं जेवत नाही. घरभाडं, औषधं, मुलांचं शिक्षण, कर्जाचे हप्ते जागच्या जागी राहतात आणि कात्री उरलेल्यावर चालते. मी कागदावर आकडे मांडले. घरात शंभर येतात, त्यातले ऐंशी गरजेला जातात, वीस हौसेला राहतात. शंभराचे नव्वद झाले, ऐंशी तसेच राहिले, म्हणजे विसाचे दहा. उत्पन्न दहाच टक्क्यांनी उतरलं आणि हौसेचा पैसा थेट निम्मा झाला. छंदाचं सामान विकणाऱ्याच्या गल्ल्यात या दहामधला भाग येतो. किराणावाल्यापेक्षा त्याला मंदी आधी आणि जास्त जाणवते, त्यात त्याच्या बोलण्याचालण्याचा संबंध फार थोडा.

“पण त्यांचा पगार नव्वद झालाच नाही ना,” ते म्हणाले. माणूस हुशार होता. सोडत नव्हता.

बरोबर. तिथे मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये मांडलेलं म्हणणं कामाला येतं. माणूस या महिन्याच्या पगाराकडे बघून हात सैल किंवा आखडता करत नाही. पुढची काही वर्षं साधारण किती येत राहील याचा मनातल्या मनात अंदाज बांधतो आणि त्यावर चालतो. तुमच्या गिऱ्हाइकांचा तो अंदाज हलला आहे. शिक्षिकेला वर्गातली मुलं गाव सोडून जाताना दिसतायत. बँकेतल्या माणसाच्या टेबलावर थकलेल्या हप्त्यांच्या फायली वाढतायत. निवृत्त गृहस्थांची पेन्शन तेवढीच आहे, पण मुलाची नोकरी डळमळीत आहे, म्हणून ते त्याच्यासाठी बाजूला ठेवतायत. यातलं प्रत्येक जण शहाणपणानंच वागतंय. फक्त सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडता घेतला की गावातलं फिरणारं चलन आटतं, कारण एकाचा खर्च हेच दुसऱ्याचं उत्पन्न. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये नेमकं हे मांडलं: प्रत्येक घरानं जास्त वाचवायचं ठरवलं तर सगळ्यांची मिळकत घटते आणि शेवटी वाचतही नाही.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कारखान्याचं माझ्यापर्यंत आलंय, पण दोन-तीन घरं फिरून.” इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. पत्नीच्या मनात दुसरीच शंका होती आणि ती तिनं घरात कधी उघड बोलून दाखवली नव्हती. विक्री सुमारे पाव हिश्शानं उतरली असं नवरा सांगतो, मग घरी येणारा पैसा पूर्ण कसा थांबला? मधे कुठे जातो? ते स्वतःही या प्रश्नानं पोखरले होते, कारण त्यांनाही हिशेब लागत नव्हता.

याचं उत्तर सोपं आहे, पण ते कुणी समोर मांडून दाखवावं लागतं. समजा शंभराची विक्री होती. त्यात साठ मालाच्या खरेदीचे, तीस जागेचं भाडं, वीज, मदतनीस बाईंचा पगार, आणि दहा घरी. विक्री पंचाहत्तर झाली. मालाची खरेदी त्या प्रमाणात घटून पंचेचाळीसवर आली. पण भाडं पंचवीस टक्के कमी होत नाही, दिवे पंचवीस टक्के कमी जळत नाहीत. तीस तसेच. पंचेचाळीस अधिक तीस, पंचाहत्तर. घरी शून्य. विक्री पावच गेली, नफा सगळा गेला. आणि विक्री आणखी थोडी उतरली तर दुकान उघडं ठेवण्यासाठी घरातून पैसे घालावे लागतील.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी स्वतःचे खरे आकडे लिहिले. थोड्याफार फरकानं तेच आलं. पत्नी म्हणाली, “म्हणजे कुठे जात नव्हते पैसे.” तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मी काही क्षण बोललेच नाही. कित्येक महिने ते दोघं एकमेकांशी चिडून का बोलत होते, हे त्या एका वाक्यात कळलं. छोटे धंदे चालवणाऱ्या जोडप्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा कागद एकदा दोघांनी मिळून मांडावा. स्थिर खर्च किती, विक्रीबरोबर बदलणारा खर्च किती, एवढं वेगळं काढलं तरी घरातले निम्मे संशय गळून पडतात.

वहीचं काय करायचं हा प्रश्न होताच. ती फेकून द्या असं मी सांगितलं नाही. निरीक्षणं खरी होती, त्यापुढची कारणं अंदाजाची होती. मी त्यांना म्हटलं, कारणाच्या जागी एक रेघ मोकळी सोडा आणि जमेल तिथे गिऱ्हाइकालाच विचारा. “सध्या काय करताय?” एवढंच. आणि जुन्या नोंदींपैकी एक मी त्यांना पुन्हा वाचायला लावली: फक्त पांढरा ॲक्रिलिक घेतला.

“पांढराच का?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

“तो सगळ्यात आधी संपतो. प्रत्येक रंग फिकट करायला लागतो ना. म्हणून मोठी ट्यूब…” आणि ते थांबले. “म्हणजे त्या बाई रंगवतायत अजून.”

रंगवत होत्या. आधी त्या पूर्ण संच घेत असत. आता घरातले बाकीचे रंग पुरवून पुरवून वापरत होत्या आणि जे संपलं तेवढंच घेत होत्या. लोकर ठेवून देणाऱ्या आजी जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचं नवं विणत होत्या, हे त्यांना पुढच्या आठवड्यात विचारल्यावर समजलं. लोकांनी छंद सोडलेला नव्हता. ते कमी पैशांत तो चालवायला शिकत होते. दुकानाच्या दृष्टीनं विक्री तितकीच कमी, पण मनाच्या दृष्टीनं फार मोठा फरक. ‘माझं दुकान कुणाला नकोय’ आणि ‘माझी माणसं आत्ता थोडंच घेऊ शकतायत’ या दोन वाक्यांमधला.

याच बोलण्यात पत्नीनं एक गोष्ट सांगितली जी त्यांना सांगायची गरज वाटली नव्हती. दुकान उघडण्याआधी ते रोज सकाळी तासभर जलरंगात चित्रं काढायचे. अनेक वर्षं. ते बंद केलं होतं. का? “माल विकायला आहे, वापरायला नाही,” ते म्हणाले. मी विचारलं की कागद दुकानातून घेत होता का? नाही. कडा कापून उरलेले जुने तुकडे घरी गठ्ठ्यानं पडले होते. रंगही जुनेच. खर्च जवळजवळ शून्य. तरी बंद केलं, कारण कमाई नसताना एक तास स्वतःसाठी काढणं त्यांना गुन्हा वाटत होता.

इथे मला नेहमी मारिएंथालची आठवण येते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळचं हे कामगारांचं छोटं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९३० पर्यंत गिरणी बंद झाली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह तिथे अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वाटलं होतं, माणसांकडे आता वेळच वेळ आहे, निदान वाचन तरी वाढलं असेल. गावाच्या ग्रंथालयानं पुस्तकांसाठी आकारलं जाणारं शुल्कही काढून टाकलं होतं. तरीही १९२९ ते १९३१ या काळात नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. फुकट होतं, वेळ होता, तरी वाचवेना. पुरुष रस्त्यातून हळू चालत, मधेच थांबत, आणि दिवस कसा गेला असं विचारलं तर त्यांना फारसं आठवत नसे.

याहोडांनी पुढे यावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की नोकरी पैशांखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संपर्क, एकत्र मिळून काही करत असल्याची भावना, समाजातलं स्थान आणि हाताला नियमित काम. काम गेलं की या पाचही एकदम जातात. दुकान रिकामं झालेल्या माणसाचंही तेच होतं. शटर वर असतं, तो आत बसलेला असतो, पण दिवसाला आकार उरत नाही. छंद पगार देऊ शकत नाही, हे उघड आहे. पण चौकट देतो, हाताला काम देतो, आणि गटात केला तर माणसंही देतो. म्हणून उत्पन्न घटलेल्या काळात छंद पूर्ण तोडण्याच्या मी विरोधात आहे. त्यावरचा खर्च तोडा, जितका तोडता येईल तितका. तो तास तोडू नका.

त्यांच्याशी आम्ही पंधरा मिनिटांचं ठरवलं. चांगलं चित्र काढायचं नाही, विकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. उरलेल्या तुकड्यांवर, असलेल्या रंगांत, उठल्यावर पंधरा मिनिटं. पहिले काही दिवस ते नुसते बसून राहिले. मग एके दिवशी त्यांनी दुकानातल्या रिकाम्या खुर्चीचं चित्र काढलं, आणि त्यानंतर रोज काही ना काही.

काउंटरच्या दुसऱ्या बाजूची माणसंही माझ्याकडे येतात आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो. नोकरी टिकलेली एक तरुणी मातीकामाच्या वर्गाचं शुल्क भरताना रडली, कारण तिच्या बहिणीची नोकरी गेली होती. एका गृहस्थांनी कॅमेऱ्याची लेन्स घेतली आणि खोका ऑफिसच्या कपाटात लपवला. ‘अशा दिवसांत हौसेवर खर्च करणं चूक आहे का?’ असं मला विचारलं जातं, आणि मी त्याला हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारते, काही महिन्यांचा गरजेचा खर्च बाजूला आहे का? हप्ते, विमा, औषधं वेळेवर जातात का? जात असतील, तर ठरवून एक छोटी रक्कम छंदाला द्यावी आणि ती द्यायचं ठरल्यावर तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. त्या पैशांवर समोरच्या एखाद्या छोट्या दुकानदाराचं घर चालतं, तेही खरं. पण बाजार वाचवण्यासाठी स्वतःच्या गरजेचा पैसा कुणी खर्च करावा, असं मी कधीही म्हणणार नाही. ती जबाबदारी एका घराची नाही.

बरकतीच्या काळात छंदावरचा बराचसा पैसा छंद करण्यावर जात नाही, सामान गोळा करण्यावर जातो, हे बहुतेकांना कपाट उघडल्यावर स्वतःच दिसतं. घरात असलेलं आधी वापरावं, मित्रांशी अदलाबदल करावी, क्वचित लागणारी अवजारं भाड्यानं किंवा मागून आणावीत. मात्र घाबरून आपलं मुख्य वाद्य किंवा कॅमेरा पहिल्या महिन्यात विकू नये. त्याच वेळी अनेक जण विकायला काढतात, भाव पडतात, आणि पुढे तीच वस्तू पुन्हा घेणं झेपत नाही. अगदी निकड असेल तर गोष्ट वेगळी. आणि घरातल्या एकानं दुसऱ्याचा छंद परस्पर बंद करू नये. मुलाचा तबल्याचा क्लास थांबवायचाच असेल तर त्याला खरं कारण सांगावं. नाहीतर तो समजतो की आपण वाजवत नव्हतो चांगलं. लपवलेल्या खरेदीबद्दल एवढंच म्हणते की ती रक्कम छोटी असली तरी विश्वासाला मोठी पडते. आणि ताण आला की खरेदी वाढते, घेतलेलं उघडलंही जात नाही, असं होत असेल तर तो छंद राहिलेला नाही. त्यासाठी मदत घ्यावी.

आणखी एक सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो: नोकरी गेली? मग छंदालाच धंदा करा. मी याबाबत सावध असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेच पैसे नसतील तर तुमच्या हातच्या वस्तू तरी कोण घेणार? हीच मंदी तिथेही उभी असते, वर छंदाचा विसावाही जातो. पण तसं कधीच जमत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या महामंदीत, १९३२-३३ मध्ये, जिगसॉ कोड्यांची, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायच्या कोड्यांची, मोठी लाट आली. १९३३ च्या सुरुवातीला तिकडे आठवड्याला एक कोटीच्या आसपास कोडी खपत होती. पुठ्ठ्यावर साच्यानं कापल्यामुळे ती स्वस्त झाली होती. काम गेलेल्या अनेक सुतारांनी, कारागिरांनी घरीच लाकडी कोडी कापून विकली आणि भाड्यानं दिली. औषधांच्या दुकानांत आणि ग्रंथालयांतही ती भाड्यानं मिळत. एक कोडं अनेक संध्याकाळी पुरतं, घरातले सगळे त्याभोवती बसू शकतात, आणि ते विकत घेण्याचीही गरज नसते. लोकांकडे वेळ भरपूर आणि पैसा कमी होता, त्याला ती वस्तू बसली.

ही गोष्ट मी दुकानदारांना सांगितली तेव्हा सल्ला म्हणून सांगितली नव्हती. धंदा कसा करावा हे मला कळत नाही, त्यासाठी मी त्यांना हिशेबनिसाकडे जायला सांगितलं होतं. पण त्यांच्या डोक्यात ती बसली. त्यांनी महागडे संच मागवणं थांबवलं. जास्त खपणारे रंग सुटे, छोट्या आकारात ठेवले, ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) आणि कापायची अवजारं भाड्यानं द्यायला लागले. आठवड्यातून एकदा दुपारी दुकानाच्या मागच्या भागात एक मोठं टेबल मांडलं. लोकांनी घरातलं अर्धवट सामान आणायचं, बसून काम करायचं, अडलं तर ते मदत करणार. पांढरा रंग घेणाऱ्या बाई येतात, स्वेटर उसवणाऱ्या आजी येतात. मॉडेलचा खोका परत ठेवणारा मुलगा आता दुसऱ्या मुलाबरोबर मिळून एकच मॉडेल बनवतो. पैशांत सांगायचं तर यातून विजेचं बिल आणि वर थोडं सुटतं. जुनी विक्री परत आलेली नाही. ती येईल का, हे त्यांनी मला विचारलं होतं. कारखान्याचं पुढे काय होणार यावर ते अवलंबून आहे, आणि ते ना त्यांच्या हातात आहे ना माझ्या, हेच मी त्यांना सांगितलं.

मदतनीस बाईंशी बोलणं त्यांना सगळ्यात जड गेलं. पूर्ण वेळचा पगार देणं शक्य नव्हतं, आणि ते सांगायच्या ऐवजी ते काही आठवडे स्वतःच्या घरच्या पैशांतून तो देत राहिले होते. आम्ही ते बोलणं इथे दोनदा करून पाहिलं. खरे आकडे दाखवायचे, किती तारखेपासून अर्धा वेळ ते स्पष्ट सांगायचं, दुसरीकडे काम बघायचं असेल तर अनुभवाचं पत्र आधीच लिहून द्यायचं, आणि ‘तुमच्या कामात काही कमी नव्हतं’ हे वाक्य तोंडानं म्हणायचं. ते वाक्य म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. बाईंनी अर्धा वेळ स्वीकारला आणि उरलेल्या वेळात शिवणकाम सुरू केलं.

दुकान चालू ठेवायचं की नाही, हा निर्णय अजून व्हायचा आहे. रोज सकाळी तो प्रश्न नव्यानं पडू नये म्हणून त्यांनी, पत्नीनं आणि हिशेबनिसानं मिळून एक महिना ठरवला आणि एक आकडा ठरवला. त्या महिन्यापर्यंत विक्री त्या आकड्याच्या खाली राहिली तर आवरतं घ्यायचं, घर गहाण ठेवून कर्ज काढायचं नाही. जागामालकाशी बोलून भाडं काही काळापुरतं कमी करून घेतलं आहे. बंद करायची वेळ आलीच तर कुठला माल घाऊक विक्रेत्याकडे परत जाऊ शकतो, कुणाचं देणं आधी फेडायचं, बाईंना किती दिवस आधी सांगायचं, हे एका कागदावर लिहून ठेवलं आहे. पत्नीनं विचारलं, बंद झालं तर हे दिवसभर काय करतील? त्यांनी स्वतःच उत्तर दिलं की एका शाळेत चित्रकलेचे तास मिळतात का ते बघायला सुरुवात केली आहे, पैसे फार नाहीत. दुपारचं टेबल मात्र कुणाच्या तरी घरी चालू ठेवता येईल, असं आजींनी आधीच सांगून ठेवलं आहे.

झोप आता बरीचशी सुधारली आहे. आमची पुढची भेट ठरवलेला महिना संपल्यावरची आहे.